आजकालचे पॉप-रॅप अल्बम पूर्ण ऐकण्यात काही अर्थ आहे का, की दोन-चार हिट गाणी ऐकली की झालं?

तुम्ही लिहिलंय की गेल्या दोन-तीन वर्षांत गाजलेले पॉप आणि रॅप अल्बम तुम्ही शफलवर (म्हणजे फोन निवडेल त्या उलटसुलट क्रमाने) लावून बघितले, सगळे एकसारखे वाटले, वीस गाण्यांतली तीन लक्षात राहिली, तर पूर्ण ऐकण्यासारखे यात काही आहेत का की नुसतं भरताड आहे. उत्तर देते, पण ते "शफलवर लावून बघितले" वाचलं आणि मला राहवेना, कारण नेमक्या याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या दादाचं पंधरा-वीस वर्षं वाजतंय.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. एमपीथ्री सीडीच्या काळापासून तो गाणी एकाच पद्धतीने ऐकतो, मुखडा झाला की पुढे. अंतरा सुरू व्हायच्या आत त्याचं बोट पुढच्या गाण्यावर गेलेलं असतं. त्याचं म्हणणं, अल्बम म्हणजे कंपनीने बांधून दिलेलं गाठोडं, आपल्याला हवं ते काढून घ्यायचं आणि बाकीचं टाकायचं. आणि रॅप तर त्याच्या लेखी गाणंच नाही, "तालावर भांडण" म्हणतो. मी शाळेत असताना हेडफोन लावून बसले की एका कानातला काढून स्वतःच्या कानाला लावायचा, दोन सेकंद ऐकायचा आणि तोंड वाकडं करून परत द्यायचा. ते मला अजून लागतं, खोटं कशाला बोलू.

2025 च्या ऑगस्टमध्ये बाबांच्या घराची कागदपत्रं करायला आम्ही दोघं गाडीने गेलो. बाबा आदल्या वर्षी गेले. एकटे राहायचे, एक दिवस फोन उचलेनात म्हणून दादा बघायला गेला आणि त्यालाच ते सापडले. त्या दिवसाबद्दल तो कुणाशी बोललेला नाही, वहिनीशी सुद्धा नाही.

जाताना मी म्हटलं क्लिप्सचा नवा अल्बम लावूया, जुलैमध्ये आलाय, 'लेट गॉड सॉर्ट एम आउट'. क्लिप्स म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे रॅप करणारे दोन सख्खे भाऊ, थोरला मॅलिस, धाकटा पुशा टी. 2009 च्या अल्बमनंतर थोरला देवाधर्माकडे वळला आणि बाजूला झाला, धाकटा एकटा काम करत राहिला. मधल्या काळात त्यांचे आई-वडील काही महिन्यांच्या अंतराने गेले, आणि 16 वर्षांनी दोघांनी परत एकत्र अल्बम काढला, 13 गाणी, संगीत त्यांच्या जुन्या मित्राचं, फॅरेल विल्यम्सचं.

फोन दादाचा जोडलेला आणि त्याच्या फोनवर शफल कायम चालू. त्यामुळे लागली आधी सगळी बढाईची गाणी, कोकेन विकून आलेला पैसा, घड्याळं, गाड्या, इतर रॅपरना टोमणे. दादाने एकेक करून अर्ध्यात उडवली. मग मधेच 'द बर्ड्स डोन्ट सिंग' लागलं, जे अल्बममध्ये खरं तर पहिलं गाणं आहे. तेही त्याने वीसेक सेकंदांत पुढे ढकललं आणि म्हणाला, "सगळं एकच तर आहे गं." माझा तोल गेला. मी म्हटलं तू कधी काही पूर्ण ऐकलंयस का रे आयुष्यात, गाणं सोड, माणूस तरी. ते बोलायला नको होतं. पुढचे दोन तास गाडीत कुणी बोललं नाही.

परतताना अंधार पडला होता. मी न विचारता माझा फोन जोडला आणि अल्बम पहिल्या गाण्यापासून लावला. दादाच्या गाडीत स्टिअरिंगवरच पुढच्या गाण्याचं बटण आहे, त्यावर त्याचा अंगठा नेहमी असतो, तसाच तेव्हाही होता. पहिलं कडवं धाकट्याचं. आईशी झालेलं शेवटचं बोलणं सांगतो, ती जणू निरोप घेत होती आणि याच्या ते लक्षातच आलं नाही. मग थोरल्याचं कडवं. वडिलांची गाडी दारात उभी, म्हणजे ते घरात आहेत, तो दार वाजवतो, परत वाजवतो, आणि आतून काही नाही.

मी ते गाणं तोवर तीसेक वेळा ऐकलं असेल. एकदाही दादा डोक्यात आला नव्हता. मी धाकटी, म्हणून मी ते कायम धाकट्याच्या बाजूने ऐकत आले होते. त्या गाडीत, तो शेजारी बसलेला असताना मला पहिल्यांदा कळलं की हे कडवं त्याचं आहे. त्याचा अंगठा बटणावरून खाली आला आणि त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. गाणं संपल्यावर इतकंच म्हणाला, "हा थोरला ना?" मी हो म्हटलं. मी थांबवायला हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे, पुढचं लागू दे." तेराच्या तेरा गाणी झाली.

आता तुमच्या प्रश्नावर. तीच बढाईची गाणी, जी जाताना मला सुद्धा पोकळ वाटली होती, ती त्या पहिल्या गाण्यानंतर ऐकली की वेगळी लागतात, कारण आई-बाप गेलेल्या दोन पोरांच्या तोंडून ती येतायत हे तुम्हाला आता माहितीये. ती सावली शेवटपर्यंत हटत नाही. शफलमध्ये ही सावलीच जाते, मग उरतं काय तर घड्याळं आणि गाड्या, आणि तुम्ही म्हणता सगळे सारखेच.

हे माझं एकटीचं वेड नाही. 2021 मध्ये ब्रिटिश गायिका अ‍ॅडेलचा '30' हा अल्बम आला तेव्हा तिच्या मागणीवरून स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपने अल्बमच्या पानावरचं आपोआप शफल होणारं बटण काढलं. आणि रॅपर केंड्रिक लमारचा 'डॅम' घ्या, एप्रिल 2017 चा, ज्याला पुढच्या वर्षी अमेरिकेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्याच्या शेवटच्या गाण्यात केंड्रिक वडिलांची गोष्ट सांगतो. वडील चिकनच्या दुकानात कामाला, दुकान लुटायच्या बेतात असलेल्या एका पोराला ते फुकट चिकन द्यायचे, म्हणून त्या पोराने त्यांना हात लावला नाही, आणि वर्षांनंतर त्याच माणसाने केंड्रिकला आपल्या कंपनीत घेतलं. पहिल्या गाण्यात मात्र केंड्रिकलाच गोळी लागते. डिसेंबर 2017 मध्ये हाच अल्बम बरोब्बर उलट क्रमाने परत काढला. गाणी तीच, पण एकीकडून ऐकलं तर माणूस मरतो तिथून सुरुवात आणि बापाच्या चांगुलपणावर शेवट, दुसरीकडून ऐकलं तर बापापासून सुरुवात आणि शेवटी गोळी. क्रमाने फरक पडत नाही म्हणणाऱ्याने हा दोन्ही बाजूंनी ऐकावा आणि मग माझ्याशी बोलावं. (दादाला मी हे गेली आठ वर्षं सांगतेय.)

अलीकडच्यात माझ्या मते सगळ्यात नीट बांधलेला गायिका बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट', मे 2024. दहाच गाणी, पाऊण तासाच्या आत संपतो. यायच्या आधी तिने एकही गाणं सुटं सोडलं नाही, लोकांनी पहिल्यांदा ऐकताना पूर्ण ऐकावा म्हणून. यातलं 'लामूर द मा व्ही' संथ जात असतं आणि अचानक पलटून नाचाच्या गाण्यासारखं धावायला लागतं, तिथे अर्ध्यात उडवणाऱ्याला गाण्याचा अर्धा भाग कधी कळणारच नाही. केंड्रिकचा 'जीएनएक्स' 22 नोव्हेंबर 2024 ला काही न सांगता आला, 12 गाणी, घट्ट. मला त्यात सगळ्यात आवडलेला निर्णय म्हणजे त्या वर्षीचं त्याचं सगळ्यात मोठं गाणं 'नॉट लाइक अस' त्याने यात घेतलंच नाही. घेतलं असतं तर लोक तेवढंच ऐकून निघून गेले असते. गहिरेपणात मात्र हा अल्बम त्याच्याच 2022 च्या 'मिस्टर मोराल'च्या जवळ जात नाही, हे मी त्याची चाहती असून म्हणतेय.

रॅपर टायलर द क्रिएटरचा 'क्रोमाकोपिया' जरूर ऐका. त्याची आई अल्बमभर मधेमधे बोलते, आणि 'लाइक हिम' या गाण्यात कबूल करते की त्याच्या वडिलांना बाप व्हायचं होतं, दूर ठेवण्याची चूक तिची. वडिलांवर राग धरून बसलेला मुलगा तुम्ही त्याच्या जुन्या अल्बमपासून ऐकत आला असाल तर तिथे पोटात खड्डा पडतो. ते वाक्य सुटं ऐकून काही होत नाही, आधी दहा-बारा गाणी तिचा आवाज कानात बसलेला लागतो.

पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' लोकांना हिरव्या कव्हरमुळे आणि पार्टीमुळे आठवतो. त्यात 'सो आय' आहे, तिची मैत्रीण आणि संगीतकार सोफी 2021 च्या जानेवारीत गेली तिच्याबद्दल. आणि पहिलं गाणं '360' शेवटी '365' होऊन परत येतं, तेच गाणं, पण आता डोकं फिरलेलं. मधल्या सगळ्या रात्रीनंतर ते ऐकायचं असतं. रॅपर डोईचीचा 'अ‍ॅलिगेटर बाइट्स नेव्हर हील' घ्या, ग्रॅमीचं रॅप अल्बमचं पारितोषिक मिळवणारी ती तिसरीच बाई, आणि तिचं ते स्वतःशीच समुपदेशकासारखं बोलत रॅप करणं मला फार भारी वाटतं.

भरताडाबद्दल तुमचं बरोबर आहे आणि त्याला कारण पैसा आहे. ऑनलाइन एखादं गाणं तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो. अल्बमचा खप मोजणाऱ्या अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 2018 पासून बरीच वर्षं पैसे भरणाऱ्या श्रोत्यांचे 1250 स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला असा हिशोब होता. गाणी जास्त तर स्ट्रीम जास्त, मग कोण कशाला कात्री लावेल? टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' 19 एप्रिल 2024 ला 16 गाण्यांचा आला आणि दोन तासांनी आणखी 15, एकूण 31. मला तिचं लिहिणं आवडतं, पण कुणीतरी तिला "अगं बास" म्हणायला हवं होतं, त्यात एक उत्तम 12 गाण्यांचा अल्बम बुडून गेलाय. नुसती लांबी मात्र वाईट नसते. बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' 27 ट्रॅकचा, सव्वा तासाच्या वर, पण तो रेडिओच्या कार्यक्रमासारखा रचलाय, मधे कंट्री संगीताचा जुना गायक विली नेल्सन निवेदक म्हणून येतो, लिंडा मार्टेलचा आवाज येतो, जी ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नामांकित रेडिओ कार्यक्रमात एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका. बियॉन्सेला ग्रॅमीचं अल्बम ऑफ द इयर मिळालं ते याच अल्बमला, 2025 मध्ये, पहिल्यांदाच. तो तुकड्यांत ऐकला तर विस्कळीत वाटणारच.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. यातल्या बहुतेक रॅपमध्ये शिव्या भरपूर आहेत, घरात सगळ्यांसमोर लावू नका. शब्द पहिल्या झटक्यात मलाही कळत नाहीत, पहिल्यांदा ऐकताना बोल समोर उघडे ठेवते. आणि प्रत्येक अल्बमला क्रम लागतोच असं नाही, सब्रिना कार्पेंटरचा 'शॉर्ट एन स्वीट' कसाही ऐका, 12 हलकी गाणी आहेत, मजेत जातात, तिथे दादाची पद्धत चालते, हे मी त्यालाही सांगितलंय.

तो अजून म्हणतो रॅप गाणं नाही. पण गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला, "त्या टायलरच्या अल्बममध्ये पहिलं कुठलं?" मी नाव पाठवलं. पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही.

तुम्ही सुरुवात बिली आयलिशपासून करा. शफल बंद, पहिलं गाणं 'स्किनी', त्याच्या शेवटी नुसती व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं येतात आणि गाणं संपलंसं वाटतं, तिथे फोनला हात लावू नका.