वाचकांचे प्रश्न: घरची शुश्रूषा, कामाचे तास आणि मोबदला

प्रश्न : आईची देखभाल करणारी केअरटेकर आमच्याकडेच राहते. रात्री ती आईच्या खोलीत झोपते आणि दोन-तीनदा तिला उठावं लागतं. ‘झोपलेलीच तर असते, त्याचे वेगळे पैसे कसले?’ असं घरातल्या काहींचं म्हणणं आहे. काय करावं?

उत्तर : हाक आली की उठायचं या बोलीवरची झोप ही सुट्टी धरता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या घरकामगारांविषयीच्या करारात (क्र. १८९, सन २०११) अशी हाकेसरशी हजर राहण्याची वेळ कामाच्या तासांत धरलेली आहे. ती किती प्रमाणात धरायची, हे मात्र ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलंय. त्यामुळे तुमच्या घरापुरता हिशेब तुम्हालाच बसवावा लागेल.

आधी सात रात्री नोंद ठेवा. वहीत तीन रकाने आखा : उठली केव्हा, कशासाठी, परत आडवी केव्हा झाली. ‘१.१०, डायपर, १.३५’ एवढं पुरे. नोंद तिनेच करावी आणि सकाळी घरातल्या कुणीतरी त्यावर सही करावी. वीस-वीस मिनिटं तीनदा म्हणजे बेरीज तासाभराचीच भरते, पण सलग झोप दोन-अडीच तासांपलीकडे जात नाही. सकाळच्या गोळ्या दोनदा दिल्या जातात किंवा राहूनच जातात, त्याचं मूळ बरेचदा इथे असतं.

आमच्या मते, कधीमधी एकदा उठावं लागत असेल तर रात्रीचा ठरावीक भत्ता आणि जागलेल्या वेळेची पूर्ण मजुरी द्या. रोज दोनदा किंवा जास्त उठणं होत असेल तर ती सरळ रात्रपाळी समजा आणि दिवसासाठी दुसरी व्यक्ती बघा. आईंना स्वतःहून कूस बदलता येत नसेल तर वाद घालायलाच नको. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटलं की बारा, दोन आणि चारला उठणं ठरलेलंच.

याच करारात आठवड्याला किमान सलग २४ तास सुट्टी सांगितली आहे. ‘तिलाच सुट्टी नको असते’ हे आम्ही नेहमी ऐकतो. सुट्टीचा पगार कापला जातो का, ते आधी तपासा.

प्रश्न : केअरटेकर पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत मी दिवसाला चार घरी जाते. तासाचा दर वाईट नाही, तरी महिन्याच्या शेवटी हातात फारसं काही उरत नाही. असं का?

उत्तर : बहुधा जाण्यायेण्याचा वेळ कुणीच मोजत नाही म्हणून. समजा तासाला १०० ठरलेत आणि चार घरी दीड-दीड तास काम आहे. सहा तासांचे ६०० झाले. मधल्या तीन प्रवासांना चाळीस-चाळीस मिनिटं धरली तर आणखी दोन तास गेले. तेच ६०० आठ तासांवर पसरले की खरा दर ७५ पडतो. एखाद्या घरून ऐन वेळी ‘आज नको’ असा निरोप आला तर तो आणखी खाली येतो.

ब्यूरोकडून चार गोष्टी लिहून घ्या : घराघरांतल्या प्रवासाचा वेळ आणि भाडं, ऐन वेळी रद्द झालेल्या ड्यूटीचे पैसे, घराकडून घेतलेली रक्कम आणि त्यातली तुम्हाला मिळणारी रक्कम. वर सांगितलेला करार तुमच्या देशाने मंजूर केला असेल तर एजन्सीची फी पगारातून कापली जाणार नाही अशी व्यवस्था देशाने करायची आहे. मूळ ओळखपत्र ‘जमा’ करून घेत असतील तर देऊ नका, प्रत द्या.

प्रश्न : हेच काम पुरुष केअरटेकर करतो तेव्हा त्याला जास्त का मिळतं?

उत्तर : ‘उचलाउचल जमते’ हे ठरलेलं कारण. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२२ च्या अहवालानुसार आरोग्य आणि देखभालीच्या क्षेत्रात सुमारे ६७ टक्के स्त्रिया आहेत. वय, शिक्षण आणि कामाचे तास सारखे धरले तरी त्यांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी भरते. आणि उचलाउचल मुळात कुणीच एकट्याने करायची नसते. ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : वडील पलंगावर सारखे खाली घसरतात. त्यांना वर ओढून केअरटेकरची कंबर धरली आहे. योग्य पद्धत कोणती?

उत्तर : रुग्णाला हाताने उचलताना साधारण १६ किलोंच्या वर जाऊ नये, असं अमेरिकेतल्या ‘नियॉश’ या कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य यांवर काम करणाऱ्या संस्थेतल्या संशोधनातून सुचवलं गेलं. शंभर किलोच्या माणसाचा नुसता एक पाय तेवढा भरतो. म्हणून उचलायचं नाही, सरकवायचं.

खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी जाड चादर दुमडून कायम अंगाखाली ठेवा. पलंगाची चाकं लॉक करा, डोक्याकडची बाजू सपाट करा आणि उंची कंबरेपाशी आणा. दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा. चादरीच्या कडा अंगालगत येईपर्यंत गुंडाळून मुठीत धरा. वडिलांना जमत असेल तर हनुवटी छातीला आणि गुडघे वर. एक पाय पुढे टाकून, तीन म्हणताच मागच्या पायावरचा भार पुढच्यावर न्यायचा. कंबरेने ओढायचं नाही. काखेत हात घालून ओढलं तर खांदा दुखावतो आणि टाचा फरफटल्या की तिथली कातडी सोलवटते, जखमेची सुरुवात तिथूनच होते.

डोक्याची बाजू फार उंच ठेवल्यानेच ते पुन्हा घसरतात. आधी गुडघ्यांखाली उशी द्या, मग पाठ वर करा. सरकवायची गुळगुळीत शीट, हातमोजे आणि लागलाच तर कंबरेचा पट्टा यांचा खर्च घराने करायचा. केअरटेकरच्या पगारातून तो वळता करू नका.