गोष्ट कुणी सांगितली, कधी सांगितली?

विटा, जि. सांगली

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी तू लिहिलेलं भाषण मिळालं. न्यूटनचं सफरचंद, पिसाचा मनोरा, आर्किमिडीजची आंघोळ, रामन यांचा समुद्र आणि शेवटी आपले तळपदे. पोरं गप्प बसून ऐकतील यात शंका नाही. पण खाली बारीक अक्षरात तू विचारलंयस, "सर, ह्या गोष्टी खऱ्या आहेत ना?" भाषणापेक्षा मला ती ओळ जास्त आवडली. फक्त 'खरी की खोटी' असं विचारलंस की उत्तर अर्धंच मिळतं. गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली आणि घडल्यावर किती वर्षांनी सांगितली, ते आधी बघत जा.

सफरचंदापासून सुरू करू. हल्ली 'ती सगळी थाप आहे' असं सांगून टाळ्या घेणारेही पुष्कळ झालेत, त्यांच्या नादी लागू नकोस. 15 एप्रिल 1726 रोजी जेवणानंतर न्यूटन आणि त्याचा मित्र विल्यम स्टकली सफरचंदाच्या झाडाखाली चहा घेत बसले होते. अशाच झाडाखाली गुरुत्वाकर्षणाचा विचार मनात आला, असं न्यूटननं तेव्हा स्वतः सांगितलं आणि स्टकलीनं ते लिहून ठेवलं. म्हणजे साक्षीदार पक्का आहे. फळ डोक्यात पडलं, हे मात्र त्यानं लिहिलेलं नाही. ते मागाहून चिकटलं.

आता दुसरी बाजू. सांगणारा 83 वर्षांचा होता आणि आठवण साठ वर्षांपूर्वीची, प्लेगमुळे गावी जाऊन राहिला होता तेव्हाची. शिवाय व्यस्त वर्गाच्या नियमाचं (अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते) श्रेय रॉबर्ट हूकनंही मागितलं होतं. आपल्याला हे फार आधी सुचलं होतं, असं सांगण्यात न्यूटनची सोय होतीच. मी त्याला खोटारडा म्हणत नाही. पण हा नियम मांडणारं त्याचं पुस्तक 'प्रिन्सिपिया' छापलं गेलं 1687 मध्ये. मधली वीस वर्षं ज्या गणितात गेली ते गणित गोष्टीत नाही, आणि पोरांना वाटतं की झाडाखाली बसलं की झालं.

पिसाचं थोडक्यात सांगतो. मनोऱ्यावरून गोळे टाकल्याचं गॅलिलिओच्या स्वतःच्या लिखाणात कुठे नाही. त्याचा शिष्य विव्हियानी यानं ते 1654 मध्ये लिहिलं, तेव्हा गुरू जाऊन बारा वर्षं झाली होती. उलट हॉलंडच्या सायमन स्टीव्हिननं 1586 मध्येच शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, तीस फुटांवरून टाकून निकाल लिहून ठेवला होता. त्याचं नाव तुझ्या भाषणात नाही. ते घाल.

आर्किमिडीजपाशी मात्र जरा थांब, कारण तू गलाईवाल्याची, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणाऱ्याची, नात आहेस. आपल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं मूस आणि तेजाब घेऊन देशभर पांगली ती सोन्यातली भेसळ ओळखण्याच्या जोरावरच. राजाच्या सोन्याच्या मुकुटात सोनारानं चांदी मिसळली आणि आर्किमिडीजनं ती चोरी आंघोळीत सुचलेल्या युक्तीनं, सांडलेल्या पाण्यावरून पकडली, ही गोष्ट आपल्याला सांगतो रोमन वास्तुविशारद विट्रुव्हिअस, तीही आर्किमिडीजच्या मरणानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. तरंगणाऱ्या वस्तूंवर आर्किमिडीजचं स्वतःचं लिखाण आज उपलब्ध आहे, त्यात मुकुट नाही. बरं, मुकुट देवाला वाहायचा, त्यामुळे वितळवता येत नव्हता, हे पटण्यासारखं आहे. पण सांडलेल्या पाण्यावरून चोरी पकडली, हे तू हिशोब करून बघ.

समज, मुकुट एक किलोचा आहे. शुद्ध सोन्याचा असेल तर साधारण 52 घनसेंटिमीटर जागा घेईल. त्यात तीस टक्के चांदी मिसळली तर 65. फरक 13 घनसेंटिमीटरचा. मुकुट आडवा मावेल अशा वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात या फरकानं पाण्याची पातळी किती बदलेल? अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. ओल्या बोटांना चिकटून राहिलेलं पाणीही या हिशोबात गडबड करेल. बावीस वर्षांच्या गॅलिलिओला हेच खटकलं होतं. 1586 मध्ये त्यानं तराजूवर एक छोटं टिपण लिहिलं आणि म्हटलं की आर्किमिडीजसारख्या माणसानं असली ढोबळ रीत वापरली नसणार. त्याची रीत अशी: मुकुट आणि तेवढ्याच वजनाचं सोनं तराजूला टांगायचं आणि दोन्ही पाण्यात बुडवायचं. भेसळीचा मुकुट जास्त पाणी सारतो म्हणून वर उचलला जातो. एक घनसेंटिमीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, म्हणून तोच फरक आता 13 ग्रॅमचा होतो, आणि 13 ग्रॅम तुझ्या आजोबांच्या काट्यापासून लपतील का?

रामन यांचा समुद्र खरा आहे. 1921 मध्ये इंग्लंडहून परतताना 'नारकुंडा' बोटीवर त्यांनी खिशातला निकोल लोलक (प्रकाशाचं ध्रुवीकरण तपासणारा स्फटिक) काढून भूमध्य समुद्राचा निळा रंग तपासला. पण रामन परिणामाच्या शोधाची 28 फेब्रुवारी उजाडायला 1928 साल लागलं. मधल्या काळात 1923 मध्ये कोलकात्यात त्यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना पाण्यात एक क्षीण प्रकाश दिसला. अशुद्धी असेल म्हणून पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केलं, तरी तो जाईना. मग दुसरे सहकारी के. एस. कृष्णन आले, आणि तोच प्रकाश पुढे रामन परिणाम ठरला. माझ्या मते भाषणातला सगळ्यात चांगला प्रसंग हा न जाणारा प्रकाश आहे, आणि तूही तो गाळलास.

आता तळपदे. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, हे ऐकून ऊर भरून येतो. माझाही येतो. तरी न्यूटनला लावलेली कसोटी इथेही लाव. त्या काळच्या वर्तमानपत्रात बातमी आली होती असं जो म्हणेल, त्याला अंकाची तारीख विचार. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा आधार दिला जातो, ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये तपासलं. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडू न शकणारी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पालक चिडतील म्हणून हा परिच्छेद ठेवायचा असेल, तर 'असं सांगतात' एवढं तरी जोड. मी तर गाळला असता.

त्याची वेळ तराजूला दे. तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार प्रत्येकी शंभर ग्रॅम घे, सैल वेटोळी कर, दोऱ्यानं काट्याच्या दोन टोकांना बांध आणि एकाच पातेल्यात बुडव. ॲल्युमिनियम जवळपास 26 ग्रॅमची उसळी जास्त घेईल, शेवटच्या बाकावरून दिसेल अशी. वेटोळ्यांत हवेचे बुडबुडे राहू देऊ नकोस, तार काठाला टेकू देऊ नकोस. आदल्या दिवशी घरी एकदा करून बघ, आणि बदललेलं भाषण पाठव.

तुझे,
सर