‘लक्ष लागतंय का?’ याकडेच लागलेले लक्ष

लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलांकडून एक तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. पुस्तक उघडे असते, डोळे ओळींवरून फिरत असतात, पण मन भलतीकडेच असते. आणि त्यावरून मुलाने परस्पर ठरवून टाकलेले असते की आपल्या मेंदूतच काहीतरी उणे आहे. इथे ज्या मुलाबद्दल लिहिते आहे तो अशा अनेकांपैकी एक. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

औसा तालुक्यातला हा मुलगा ‘नीट’साठी दुसऱ्यांदा बसणार होता. वडील म्हणाले, “मॅडम, दिवसभर अभ्यासिकेत बसतंय पोरगं, पण ध्यान लागत नाही म्हणतंय.” मुलगा हळूच म्हणाला, “चार पानं वाचलो, पण काय वाचलो ते सांगता येत नाही.”

मन भरकटल्याचे लक्षात येताच समासात पेन्सिलीने एक रेघ ओढायची आणि त्याच ओळीवर परत यायचे, एवढेच मी त्याला सांगितले. पुढच्या भेटीत त्याने भौतिकशास्त्राची वही पुढे सरकवली. समास रेघांनी भरून गेला होता. काही रेघा इतक्या दाबून ओढल्या होत्या की मागच्या पानावर त्यांचे वळ उमटले होते.

“एवढ्या वेळा चुकलो, मॅडम.”

“रेघ कधी ओढलीस? मन गेलं तेव्हा, की गेलेलं कळलं तेव्हा?”

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. “कळलं तेव्हा.”

मग मी त्याला मेंदूतली व्यवस्था समजावली. अमेरिकेतील मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले की आपण काहीच करत नसतो तेव्हाही मेंदूचे काही भाग ठरावीक पद्धतीने कार्यरत असतात. आठवणी, स्वतःविषयीचे विचार, उद्याची काळजी हे सारे प्रामुख्याने या भागांच्या जाळ्यात चालते. समोरच्या कामावर लक्ष ठेवणारे जाळे वेगळे, ते कपाळामागच्या आणि माथ्याच्या भागांना जोडते. सहसा एक चढले की दुसरे उतरते. विनोद मेनन यांच्यासारख्या संशोधकांच्या मांडणीनुसार, या अदलाबदलीत तिसऱ्या एका जाळ्याचा मोठा वाटा असतो. या क्षणी महत्त्वाचे काय, हे ते हेरते. उसाला पाणी देताना दारं धरणारा माणूस एक सरी भरली की ती बांधून दुसरी फोडतो, तसे त्याचे काम. समासातली प्रत्येक रेघ म्हणजे हा दारं धरणारा जागा असल्याची खूण होती.

मुलाचा चेहरा सैल झाला, पण मला त्या दाबलेल्या रेघा खटकत होत्या. “या रेघांच्या आधी मनात काय होतं?”

“लक्ष लागतंय का, तेच बघत होतो. नाही लागलं तर यंदाही गेलं, असं वाटायचं.”

माझ्या मते सगळी गाठ इथेच होती. महत्त्वाचे हेरणाऱ्या जाळ्याला धोक्याची चाहूल फार लवकर लागते, आणि या मुलाने स्वतःच्या लक्षालाच धोका ठरवले होते. त्यामुळे लक्षावरचा पहाराच त्याचे लक्ष पळवत होता. एकाग्रतेच्या तक्रारीमागची भीती आधी शोधावी, हा माझा आग्रह अशा अनुभवांतूनच पक्का झाला आहे.

पुढचे काम मग साधे होते. नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दोन तास घड्याळासारख्या एका काट्यावर नजर ठेवणाऱ्यांची अचूकता पहिल्या अर्ध्या तासातच घसरली होती. म्हणून सलग चार तासांची बैठक मोडून आम्ही साधारण अर्ध्या तासाचे तुकडे केले. मधल्या सुटीत मोबाइल नाही, कारण तो हेरणाऱ्या जाळ्याला विसावा देत नाही. त्याऐवजी गच्चीवर फेऱ्या. झोप कापून अभ्यास अजिबात नाही. वडिलांना एवढेच सांगितले की रोज फोनवर “ध्यान लागलं का?” विचारू नका, “आज काय शिकलास?” हे विचारा. काही आठवड्यांनी रेघा विरळ झाल्या, आणि ज्या होत्या त्या फिकट होत्या.

मात्र हा उपाय सर्वांसाठी नाही. लहानपणापासून घरी आणि शाळेतही लक्ष टिकत नसेल, किंवा त्यासोबत सततची उदासी, झोप उडणे, जगण्याचा कंटाळा असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. अशा मुलांना मीही पहिल्याच भेटीत तिकडे पाठवते.