बाळंतपणानंतर वायू आणि शौच रोखता येत नाही. लोकलने ऑफिसला कशी जाऊ?

आधी डिस्चार्ज कार्ड काढून बघा. 'थर्ड डिग्री' किंवा 'फोर्थ डिग्री टेअर' लिहिलं असेल तर गुदद्वाराचा स्नायू फाटला होता. मग गुदद्वाराची सोनोग्राफी करावी लागू शकते. 'बाळंतिणीला असं होतंच' हे घरचं वाक्य कानाआड करा. परळला केईएम आहे, वाडिया प्रसूती रुग्णालय आहे. स्त्रीरोग ओपीडीत सरळ सांगा, "संडास रोखता येत नाही." लाजून 'पोटाचा त्रास' म्हणालात तर अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन परत याल!

फिजिओथेरपिस्टही गाठा. वायू रोखताना जो स्नायू आवळतो तोच दहा सेकंद आवळायचा, मग तेवढाच वेळ सैल सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला तीन-चार सेकंदच जमतील, चालेल. श्वास मात्र धरू नका. फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात.

शौच पातळ असेल तर इसबगोल उपयोगी पडतं. चहा-कॉफी कमी करा. लोकलसाठी पॅड आणि जादा कपडे बॅगेत असू द्या, त्यात कमीपणा कसला?

योनीमार्गातून वायू किंवा मळ येत असेल, ताप किंवा पू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.