बोट स्पष्ट, किल्ला धूसर

प्रश्न: हर्णैच्या किनाऱ्यावरून दोन मीटरवरची बोट आणि पाठीमागचा सुवर्णदुर्ग असे छायाचित्र एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याने, १८ मिमी नाभीय अंतर व एफ/८ अॅपर्चर (भिंगाच्या छिद्राचे माप) ठेवून, बोटीवर फोकस करून घेतले. मोबाइलवर सर्व स्पष्ट दिसते. वीस इंची प्रिंटमध्ये मात्र किल्ला पुसट का?
– एक वाचक, दापोली

उत्तर: काटेकोरपणे पाहता फोकस एकाच अंतरावर असतो, त्याच्या मागेपुढे अस्पष्टता हळूहळू वाढत जाते आणि जिथवर ती डोळ्याला जाणवत नाही, तिथवरच्या पट्ट्याला आपण क्षेत्रखोली म्हणतो. नेहमीच्या कोष्टकांत फोकसबाहेरच्या बिंदूचा एपीएस-सी सेन्सरवर ०.०२ मिमीपर्यंत पसरलेला ठिपका चालतो असे धरतात, कारण दहा इंची प्रिंट हातभर अंतरावरून पाहिल्यास तो बिंदूसारखाच भासतो. आपल्या मांडणीत किल्ला नेमका या मर्यादेच्या काठावर होता. प्रिंट दुप्पट मोठी झाली, पाहण्याचे अंतर तेवढेच राहिले, आणि ठिपका उघडा पडला.

मोठ्या प्रिंटसाठी मर्यादा ०.०१ मिमी धरून फोकस सुमारे चार मीटरवर ठेवावा. मग दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे त्या मर्यादेत बसते. एफ/२२ कडे, म्हणजे फार बारीक छिद्राकडे, धावू नये, कारण विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळेच चित्र मऊ पडते. समुद्रावरचे दमट धुरके दूरच्या तटबंदीचा कॉन्ट्रास्ट घटवते आणि फोकस अचूक असूनही ती अस्पष्ट भासते. त्यावर मात्र कोणतेही अॅपर्चर चालत नाही, हवा निवळण्याची वाट पाहावी लागते.