राजीनाम्यावर सही करू नका

प्रश्न : चौदा वर्षं मी शिलाई मशीनवर आहे. सोमवारी कामावर गेले तर गेटला कुलूप. दोन महिन्यांचा पगार थकलाय. सुपरवायझर एकेकीला बोलावून सांगतो, ‘राजीनाम्यावर सही करा, थोडे पैसे लगेच देतो.’ काहींनी केलीसुद्धा. आम्ही तीनशे बायका, युनियन नाही. आता एकत्र येऊन काही उपयोग आहे का?
— एक वाचक

उत्तर : ताई, आहे. पण आधी त्या कागदाचं बोलू. राजीनामा दिलात की नोकरी तुम्हीच सोडली असं होतं, मग कारखाना बंद केल्याची भरपाई मागायची कशाच्या जोरावर? थकलेला पगार तर केलेल्या कामाचा आहे, त्यासाठी राजीनामा लागत नाही. सही केलेल्यांवर मात्र रागावू नका. नऊ वर्षं ओव्हरलॉक मशीनवर काढल्यावर आमचा कारखाना बंद झाला, तेव्हा मीही न वाचता सही केली होती. घरात पैसा नव्हता. त्या बायकांनी दबावाखाली सही केल्याचं लगेच लेखी कळवावं, आणि त्यांचीही नावं यादीत घ्या.

यादीला साधी वही पुरे. नाव, फोन, कामाला लागल्याची तारीख, थकलेली रक्कम. धागे कापणाऱ्या आणि ठेक्यावरच्या मुली हमखास सुटतात, त्यांना आधी लिहा. हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या जपा. आणि शेवटच्या महिन्यांत कुठल्या ब्रॅण्डचा माल शिवत होतात ते टिपून ठेवा. एखादं लेबल, बंडलची चिठ्ठी घरी असेल तर टाकू नका.

लेबलाचं महत्त्व थायलंडच्या बायकांकडून कळलं. मार्च 2021 मध्ये समुत प्राकानमधला ‘ब्रिलियंट अलायन्स’ हा अंतर्वस्त्रांचा कारखाना बंद झाला आणि बाराशेहून जास्त कामगार कायदेशीर भरपाईविना बाहेर पडले. मालक पैसे नाहीत म्हणत होता. युनियनने मालकासोबत ब्रॅण्डनाही जाब विचारला, वर्षाहून जास्त काळ चिकाटी धरली. मे 2022 मध्ये सुमारे 83 लाख डॉलर मिळाले, कारण ‘व्हिक्टोरियाज सिक्रेट’ या ब्रॅण्डने त्यासाठी मालकाला कर्ज दिलं. त्यांच्याकडे जुनी युनियन होती, हे खरं. तुम्हाला ती आता उभी करायची आहे. कपडे-कामगारांची एखादी युनियन आसपास असेल तर तिच्याकडेच जा, सगळं पहिल्यापासून शिकत बसायला वेळ नाही.

कामगार कार्यालयात सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. तक्रारीला मुदत असते. गेटवर पाळ्या लावून बसा. मशीनं रातोरात हलवली तर वसुली कशातून होणार? अंगावर जाऊ नका, ट्रकचा नंबर आणि वेळ लिहा, फोटो काढा, त्याच दिवशी कार्यालयाला कळवा.

आज संध्याकाळी तुमच्या लाइनमधल्या पाच जणींना फोन करा. सुपरवायझरने बोलावलं तर कुणीही एकटीने जायचं नाही, एवढं आधी ठरवा.