ऐन मंदीत आठ सिलिंडर कशासाठी?

प्रश्न : पुण्यात नुकत्याच भरलेल्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात १९३१ ची फोर्ड ‘मॉडेल ए’ आणि १९३२ ची आठ सिलिंडरची फोर्ड शेजारी शेजारी पाहिली. ‘ए’ला पेट्रोलचा पंपच नाही, असे तिच्या मालकांनी सांगितले, ते खरे का? आणि अमेरिकेत १९२९ पासून मंदी असताना गाडी अधिक साधी करण्याऐवजी कंपनीने सिलिंडर दुप्पट का केले? या गाड्या आपल्याकडे कोठून येत?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : मालकांचे म्हणणे खरे आहे. ‘मॉडेल ए’ची टाकी इंजिनाच्या मागे आणि समोरच्या काचेच्या पुढे, म्हणजे चालकाच्या गुडघ्यांच्या जरा वर असते आणि तिच्यातील पेट्रोल स्वतःच्या भारानेच कार्बुरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागात, उतरते. पेट्रोल किती उरले, हे टाकीतील तरंगत्या गोळ्याला जोडलेल्या आकड्यांवरूनच समोरच्या छोट्या खिडकीतून दिसते, त्यामुळे तारेचीही गरज नाही. पेट्रोल भरण्याचे झाकण काचेच्या अगदी पुढे असते, हे पाहून आजच्या चालकाच्या अंगावर काटा येईल. पण त्या काळी ते सोयीचे मानले जाई.

मात्र ही साधी गाडी मंदीचे अपत्य नव्हे. एकोणीस वर्षे चाललेली ‘मॉडेल टी’ जुनाट ठरल्यावर १९२७ च्या अखेरीस, म्हणजे भरभराटीच्या दिवसांत ‘ए’ बाजारात आली. मंदीने निराळाच पेच उभा केला. १९२९ मध्ये अमेरिकेत पन्नास लाखांहून अधिक मोटारी व ट्रक तयार झाले होते. १९३२ मध्ये तो आकडा सुमारे चौदा लाखांवर घसरला. ज्याच्या दारात चालती गाडी उभी आहे, तो तीच आणखी दोन वर्षे ओढणार, हे उघड होते. म्हणून नव्या गाडीची खरी स्पर्धा जुन्या गाडीशीच होती, असे माझे मत आहे, आणि ती केवळ किंमत उतरवून जिंकता येण्यासारखी नव्हती. त्यातच शेवरोलेने १९२९ पासून चार सिलिंडरच्या भावात सहा सिलिंडर देऊ केले होते.

फोर्डने त्यावर थेट आठचा उतारा काढला. आठ सिलिंडरचे ‘व्ही’ आकाराचे इंजिन कॅडिलॅक १९१४ पासून बनवीत होती, पण त्याचे भाग वेगवेगळे ओतून बोल्टने जोडले जात आणि त्यामुळे ते महाग पडे. फोर्डने सिलिंडरच्या दोन्ही रांगा आणि त्यांच्याखालचे, क्रँकचा दांडा बसतो ते घर मिळून एकच तुकडा ओतला. ज्यांनी ओतकाम पाहिले आहे, त्यांना त्यातील अडचण सांगायला नको : आतील पोकळ्या राखण्यासाठी साच्यात बसवलेले गाभे किंचित सरकले, तरी सारा ब्लॉक भंगारात जातो, आणि सुरुवातीला तसे पुष्कळ ब्लॉक गेले. पण ते तंत्र बसले आणि ‘ए’च्या ४० अश्वशक्तीच्या जागी ६५ अश्वशक्तीची गाडी ४६० डॉलरपासून मिळू लागली. पहिल्या इंजिनांना तेल फार लागे, ही तक्रारही तितकीच खरी.

ब्रेकच्या बाबतीत मात्र फोर्ड मागेच राहिली. प्लिमथच्या स्वस्त गाडीला १९२८ पासून हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक होते. फोर्डने १९३९ पर्यंत ते स्वीकारले नाहीत. १९३१ मध्ये प्लिमथने इंजिन रबरी आधारांवर अशा रीतीने टांगले, की चार सिलिंडरची थरथर सांगाड्यापर्यंत फारशी पोहोचेना. माझ्या मते त्या काळातील ही सर्वांत शहाणी सुधारणा होय, कारण तिने सिलिंडर न वाढवता प्रवास सुखाचा केला. मंदीतही प्लिमथ विक्रीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचली, यात नवल नाही.

कॅडिलॅकची सोळा सिलिंडरची गाडी जानेवारी १९३० मध्ये आली खरी, पण तिची आखणी शेअर बाजार कोसळण्याच्या आधीची होती. महागड्या गाड्यांचे हाल झालेच : पीअर्लेस, मार्मन आणि पुढे पिअर्स-अ‍ॅरो बंद पडल्या. पॅकार्डने १९३५ मध्ये हजार डॉलरच्या आतली गाडी काढली आणि ती तगली.

आपल्याकडे जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला सुट्या भागांची जुळणी करीत असे. फोर्डच्या उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्या प्रामुख्याने कॅनडातील फोर्ड कंपनीकडून येत, कारण ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक बाजारपेठा तिच्याकडे होत्या.